सदावर्तापासून सहलीपर्यंत : माळव्यातील दोन दिवसांच्या प्रवासाचा इतिहास

शनिवारी सकाळी निघावे, रविवारी रात्री घरी परतावे, मधल्या वेळात दोन-तीन स्थळे पाहावीत, जेवण बाहेर घ्यावे आणि हे सगळे बेताच्या खर्चात व्हावे, अशी सहल ही आजच्या नोकरदार कुटुंबांची गरज आहे. ही कल्पना अगदी अलीकडची आहे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. माळव्यापुरते बोलायचे तर हा समज पुरता खरा नाही. थोडक्या पैशांत प्रवास करण्याची सोय या प्रदेशात अडीचशे वर्षांपूर्वीही होती, आणि ती योजनापूर्वक केलेली होती. फरक एवढाच की त्या काळी प्रवाशाचा खर्च कमी होई, कारण तो दुसऱ्या कोणीतरी आधीच सोसलेला असे. हा खर्च कोणी, कसा सोसला, आणि आज आपण निघतो तेव्हा त्यातले काय शिल्लक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. इंदूर, देवास, धार, उज्जैन येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना तो अधिक जवळचा वाटावा.

आपली घराणी येथे आली तीच मुळी प्रवास करून. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारजवळच्या अमझेऱ्यास चिमाजीअप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला आणि नर्मदेच्या उत्तरेस मराठ्यांचा पाय स्थिरावला. पुढे होळकर, शिंदे, पवार यांना सरंजाम मिळाले. शिलेदारांच्या मागोमाग कारकून, फडणीस, भिक्षुक, वैद्य, सराफ, शिंपी अशी सर्व प्रकारची माणसे नर्मदा ओलांडून येत राहिली. कोणी घोड्यावरून आले, कोणी बैलगाडीतून, आणि बरेचसे पायी. वाटेत त्यांनी मुक्काम कोठे केला, जेवले काय, पाणी कोणी दिले, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतात. लढाया आणि तहनामे यांच्या खाली ते दबून जातात. परंतु कोणताही समाज एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाऊन रुजतो तो या लहान सोयींच्याच आधाराने.

या लहान सोयींचे वर्णन मराठीत ज्याने सविस्तर केले, तो एक सामान्य भिक्षुक होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. ते महूच्या आसपास पोहोचले तोच बंडाचा वणवा पेटला. त्यानंतर धार, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी अशी त्यांची भ्रमंती झाली. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या त्यांच्या ग्रंथाकडे आपण बंडाची हकीकत म्हणून पाहतो. तो खर्चाच्या दृष्टीनेही वाचावा, असे आम्हांस वाटते. जवळ पैसा फारसा नसताना एक माणूस एवढा मुलूख हिंडू शकला, याचे कारण गावोगावी मंदिरे, धर्मशाळा आणि आश्रय देणारी आपली माणसे होती.

ही व्यवस्था आपोआप उभी राहिली नव्हती. माळव्यात तिच्याशी जे नाव सर्वांत घट्ट जोडलेले आहे ते अहिल्याबाई होळकरांचे. ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे त्यांचा जन्म झाला. २०२५ साली त्या घटनेस तीनशे वर्षे पूर्ण झाली. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात कामास आले, सासरे मल्हारराव १७६६ साली वारले आणि पुत्र मालेराव त्याच्या पुढच्याच वर्षी गेला. १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत त्यांनी महेश्वराहून कारभार पाहिला. काशी विश्वनाथाचे मंदिर, सोमनाथ, गया, ठिकठिकाणचे घाट ही त्यांची मोठी कामे सर्वांस ठाऊक आहेत. प्रवाशाच्या दृष्टीने अधिक मोलाची होती ती लहान कामे : वाटेवरच्या विहिरी व बारवा, धर्मशाळा, पाणपोया, सदावर्ते. राज्याच्या दौलतीतून नव्हे, तर ‘खासगी’च्या, म्हणजे स्वतःच्या हक्काच्या उत्पन्नातून हा धर्मादाय चालत असे. ज्यांनी सरकारी नोकरीत आयुष्य घालविले, त्यांना दोन हिशेब वेगळे ठेवण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

जॉन माल्कम यांचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. अहिल्याबाईंना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती, आणि त्यांच्याकडून मिळालेली माहिती माल्कम यांनी नोंदविली आहे. रोज गरिबांस अन्न दिले जाई. सणावारी अगदी खालच्या थरांतील लोकांस जेवण असे. उन्हाळ्यात रस्त्यांवर माणसे नेमून वाटसरूंना पाणी पाजले जाई. थंडीच्या आरंभी अनेकांना कपडे वाटले जात. शेतात राबणाऱ्या बैलांनाही पाणी पाजण्याची तजवीज होती, असे त्यांनी लिहिले आहे. ज्या सत्तेशी इंग्रजांनी महिदपुरास डिसेंबर १८१७ मध्ये युद्ध केले आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह केला, त्या सत्तेच्या एका पूर्वाधिकारिणीविषयी प्रतिपक्षाच्या सेनानीने हे लिहावे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. उन्हाळ्यात रस्त्यावर उभा असलेला तो पाणी देणारा माणूस म्हणजे आजच्या भाषेत प्रवाशाच्या अंदाजपत्रकातली वजा झालेली एक रक्कम होय.

जेवणाची गोष्ट मात्र इतकी सोपी नव्हती. ‘बाहेरचे खाणे’ हा आज आनंदाचा विषय आहे. आपल्या पणजोबांच्या काळी तो सोवळ्या-ओवळ्याचा आणि जातिभेदाचा प्रश्न होता. सदावर्तात पुष्कळ ठिकाणी शिजलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा दिला जाई तो याचसाठी. पीठ, डाळ, तूप, मीठ घ्यावे आणि नदीकाठी तीन दगडांची चूल मांडून आपले आपण रांधावे. शिदोरीत दशम्या असत, कारण पाण्याऐवजी दुधात भिजविलेल्या पिठाची ती भाकरी प्रवासात चालत असे, आणि टिकतही असे. त्यामागे खर्च वाचविण्याचा हेतू नव्हता, तरी परिणाम तोच होई. शिधा आणि चूल यांच्या जागी खानावळ आली ती शहरे वाढल्यावर, शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी एकटे राहणारे पुरुष वाढल्यावर. पुष्कळ खानावळी विधवा स्त्रियांनी चालविल्या. दुसऱ्याच्या हातचे अन्न पैसे देऊन खाण्याची सवय मराठी माणसाला त्यांनी लावली, याची नोंद आपल्या सामाजिक इतिहासात व्हावी तेवढी झालेली नाही.

त्यानंतरचा मोठा बदल रेल्वेने केला. १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा ते इंदूर या मार्गासाठी इंग्रज सरकारास एक कोट रुपयांचे कर्ज दिले, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत ‘होळकर स्टेट रेल्वे’ विंध्याचा घाट चढून इंदुरास पोहोचली. नर्मदेवर मोरटक्क्यास पूल झाला. पूर्वी ओंकारेश्वरास जावयाचे म्हणजे बैलगाडीने घाट उतरून जाण्या-येण्यातच कित्येक दिवस मोडत. आता ते अंतर काही तासांवर आले. आगगाडीच्या डब्यात शेजारी कोण बसावे हे प्रवाशाच्या हाती राहिले नाही, आणि स्टेशनावर ‘पाणीपांडे’ जे पाणी देईल ते पिणे भाग पडले. सोवळे सैल झाले ते व्याख्यानांनी जेवढे, त्याहून अधिक तिसऱ्या वर्गाच्या बाकांनी. हा तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, पण त्याने केलेले काम टिकले.

अंतर कमी झाले तरी सहलीसाठी मोकळे दिवस हवे होते. पूर्वीची सुटी सणवारांना, एकादशी-अमावास्येला धरून असे. म्हणून प्रवासही पर्वणी पाहूनच होई. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ही घटना श्रमिकांच्या विश्रांतीच्या हक्काच्या दृष्टीने पायाभूत मानावी लागेल. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ साली आला. शनिवार-रविवार अशी जोडसुटी मध्यमवर्गाच्या कल्पनेत रुजली ती साधारणतः तेव्हापासून. यात्रेची तिथी गेली आणि सहलीचा वार आला, असे या शतकभराच्या बदलाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

हा इतिहास ज्या भूमीवर घडला, ती भूमी आपल्या दाराशी आहे. तरीही आपल्या घरांतील तरुण मंडळी सुटी मिळताच विमानाने दूर जातात, आणि महेश्वर ‘केव्हाही होईल’ म्हणून राहून जाते. दूर जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. पण जवळचे न पाहता दूर जाण्यात खर्चही अधिक आणि हानीही अधिक, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून इंदूर हे केंद्र धरून दोन दिवसांचा एक आराखडा येथे देत आहोत. इंदूरबाहेरच्या वाचकांनी रेल्वेने शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे इंदुरास यावे.

शनिवारी सकाळी पोहे खाऊन निघावे. माळव्यात पोहे मराठ्यांबरोबर आले असे मानले जाते. त्यावर शेव आणि सोबत जिलबी ही मात्र माळव्याची भर. महेश्वर इंदुराहून सुमारे ९० किलोमीटर आहे. महू, मानपूर ओलांडले की विंध्य उतरून रस्ता निमाडात येतो आणि धामनोदवरून महेश्वरास वळतो. राज्य परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय २००५ साली झाल्यापासून या वाटेवर खासगी बसगाड्यांचाच आधार आहे. चौघे-पाच जण असतील तर गाडी ठरविणे बसभाड्यापेक्षा फार महाग पडत नाही. एकटा-दुकटा असेल त्याने बसच धरावी.

महेश्वरास प्रथम घाटावर उतरावे, मग किल्ल्यात चढावे. घाटावरून वर पाहिले म्हणजे त्या दगडी कामाची भव्यता कळते, आणि वर वाड्यात गेले म्हणजे ज्यांनी ते उभारले त्यांचे राहणे किती साधे होते ते कळते. हा क्रम उलटा केला तर ही विसंगती तितकीशी जाणवत नाही. वाड्यात अहिल्याबाईंची गादी जपून ठेवलेली आहे. मातीची शिवलिंगे करून पूजा झाल्यावर ती नर्मदेत विसर्जित करण्याचा लिंगार्चनाचा परिपाठ तेथे चालत आला आहे. तो पाहावयाचा असेल तर मुक्काम करून दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यासाठी राखावी. दुपारी विणकरांचे माग पाहावेत. महेश्वरी साडीच्या किनारीवर घाटाच्या लाटा आणि किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी उतरलेली असते, ती मूळ दगडाशी ताडून पाहण्याची संधी दुसरीकडे कोठे मिळणार? हा उद्योग मागे पडू लागला असता १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी ‘रेवा’ संस्थेमार्फत त्यास पुन्हा उभारी दिली. सूर्यास्ताच्या सुमारास नावेतून पात्रातील बाणेश्वराच्या देवळापर्यंत जावे. मुक्कामास धर्मशाळा किंवा साधे विश्रामगृह पुरे होते. अमावास्या, श्रावणातले सोमवार आणि माघ शुद्ध सप्तमीची नर्मदा जयंती हे दिवस सहलीसाठी टाळावेत. त्या दिवशी जागेवर यात्रेकरूंचा हक्क पहिला.

रविवारी मांडू. महेश्वराहून थेट बस मिळेलच असे नाही. धामनोदला बदलावे लागते, म्हणून सकाळी लवकर निघावे. मांडवगड पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत सर्वांत सुंदर दिसतो, कारण मुंज आणि कपूर या दोन तलावांना पाणी असल्याखेरीज त्यांच्यामधला जहाज महाल जहाजासारखा दिसत नाही. होशंगशाहची संगमरवरी कबर, जामी मशीद, रेवाकुंड ही स्थळे पाहून रूपमतीच्या मंडपाशी शेवट करावा. तेथून खाली निमाड पसरलेला दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची रेघ दिसते. आदल्या संध्याकाळी ज्या पाण्यात आपण नावेत बसलो तीच ही नदी.

या गडावर १६१७ साली बादशहा जहांगीर काही महिने मुक्कामास होता. त्याच्या येण्यापूर्वी जुन्या इमारतींची डागडुजी करण्यास तीन लक्ष रुपये लागले, असे त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. बादशहाच्या सहलीसाठी तीन लक्ष रुपये, आणि दीडशे वर्षांनंतर त्याच डोंगराखालच्या वाटेवर एका विधवेने नेमलेला पाणी पाजणारा माणूस. या दोन खर्चांची तुलना नातवंडांना मांडूच्या माळावर बसून सांगितली, तर इतिहासाचा एक धडा सहज होऊन जातो.

परतताना धारवरून यावे. मांडूहून धार सुमारे ३५ किलोमीटर आणि तेथून इंदूर सुमारे ६०. धारच्या किल्ल्यात जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. आनंदीबाई तेव्हा तेथे आश्रयास होत्या. पेशवाई ज्याच्या हातून गेली तो पेशवा पुण्यात नव्हे, आपल्या माळव्यात जन्मला, ही गोष्ट आपल्याही घरांत अनेकांना ठाऊक नसते. ज्यांच्याजवळ आणखी एक रविवार असेल त्यांनी सनावदच्या बाजूस रावेरखेडीला जावे. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी नर्मदाकाठी तेथे देह ठेवला. त्यांची समाधी पाहावयास दोन दिवस लागत नाहीत. एक दिवस पुरतो.

आता जेवणाचा आणि खर्चाचा हिशेब. आकडे येथे देत नाही, कारण भाव छापून होईपर्यंत बदलतात. रीत मात्र बदलत नाही. प्रवास, मुक्काम, जेवण, प्रवेश व वाटाड्या, खरेदी आणि राखीव, अशी सहा खाती करावीत. पहिल्या दोन खात्यांत काटकसर करावी, कारण गाडीची गादी आणि खोलीचा पडदा घरी आल्यावर आठवत नाही. जेवणाच्या खात्यात मध्यम हात ठेवावा. दिवसातून एकच जेवण पोटभर घ्यावे, तेही दुपारचे, आणि त्या मुलखाचे. निमाडात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली तर सोडू नये. तेथे तिला ‘अमाडी’ म्हणतात, आणि हा शब्द ऐकताच मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण उरत नाही. मांडू-धारच्या बाजूस पानांमध्ये ठेवून भाजलेले मक्याचे पानिये डाळीबरोबर खावे. सकाळ-संध्याकाळसाठी घरच्या दशम्या आणि चटणी पुरेशी होते. रविवारी रात्री इंदुरास पोहोचल्यावर सराफ्यात जावे. सराफांची दुकाने मिटल्यावर त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी, मालपुवे यांची दुकाने लागतात. थोडे थोडे चौघांत वाटून खाल्ले तर खर्च बेताचा होतो आणि चव सगळ्यांची कळते.

खरेदी आणि वाटाड्या या खात्यांत मात्र काटकसर करू नये. घासाघीस करावयाची असेल तर ती मोठ्या हॉटेलशी करावी. नावाडी, विणकर आणि भोजनालयातला वाढपी यांच्याशी करू नये. आमच्या या आग्रहामागे दयाबुद्धी नाही, इतिहास आहे. नर्मदेची परिक्रमा करणारे आजही फारसा पैसा न बाळगता निघतात, आणि काठावरची साधीसुधी गावे त्यांना सदावर्त देतात. ज्यांच्याकडे फार नाही त्यांनी ही परंपरा चालू ठेवली आहे. खासगीची व्यवस्था ज्या संस्थानात उभी राहिली ते संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले, आणि १९५६ साली मध्य प्रदेश झाला. पाणी पाजणारा माणूस नेमणारे आता कोणी नाही. त्या विहिरी, घाट आणि धर्मशाळा यांच्या आधाराने जे आले त्यांचे आपण वंशज आहोत. म्हणून त्या काठावर टाकलेले चार पैसे हा आपला उपकार नाही, ती जुन्या उचलीची फेड आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांत मराठी आता आजी-आजोबांपुरती राहू लागली आहे. मुले शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात, आणि आपण येथे का आहोत, हा प्रश्न त्यांना पडतो तेव्हा त्याचे उत्तर देणारे कोणी जवळ नसते. ते उत्तर महेश्वरच्या घाटावर, धारच्या किल्ल्यात आणि रावेरखेडीच्या समाधीपाशी अवघ्या दोन दिवसांत देता येते. त्यासाठी घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने बरोबर जावे आणि गाडीत मराठीत बोलावे, एवढेच पुरे. आपले मूळ गाव कोणते, पूर्वज कोणत्या सरदाराबरोबर आले, काय काम करीत होते, हे जेवढे ठाऊक असेल तेवढे सांगावे. घरात जुने मोडी कागद असतील तर निघण्यापूर्वी ते मुलांना दाखवावेत. येत्या पावसाळ्यानंतर पहिला मोकळा शनिवार पाहून हा बेत आखावा, आणि शक्य तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून आखावा. गाडीचा खर्च वाटला जातो, आणि आजोबांच्या गोष्टी ऐकावयास चार मुले अधिक मिळतात.